सहकर्जदार

"मग मॅडमना घ्या ना सोबत," टायवाला म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, की जणू मी सिनेमाला एकटाच निघालो होतो. हातातला कागदाचा कप मी एवढा दाबला, की कॉफी काठापर्यंत आली आणि परत खाली गेली. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या दुकानाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती, खोली कसली, उभी पेटीच, आणि तिच्यात हा मनुष्य अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर टाय लावून बसला होता. गाड्या विकणारे वेगळे, हा फक्त कर्ज जुळवून द्यायचा. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला होता आणि त्यावर माझा कर्जफेडीचा स्कोअर होता, सहाशे त्रेचाळीस. "सहाशे ऐंशी लागतात," तो म्हणाला. "तुम्ही अगदी दारात आहात हो. पण सिस्टीम दारातल्या माणसाला आत घेत नाही. मॅडमची नोकरी आहे ना? पगार बँकेत येतो ना? झालं तर मग. सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव टाकू, त्यांचा स्कोअर बघू, संध्याकाळी चावी तुमच्या हातात." मी म्हटलं, विचारून सांगतो. तो म्हणाला, "आत्ताच विचारा की." आणि मी, काय म्हणावं माझ्या कपाळाला, खिशातून फोन काढला आणि खरंच बायकोला विचारलं. ती नाही म्हणेल अशी कुठेतरी आशा असणार. ती दवाखान्यात कामावर होती, मागे पाण्याचा आवाज येत होता. "घ्या की," ती म्हणाली. "त्यात विचारायचं काय? चारला सुटते. कागद सगळे पर्समध्येच असतात माझ्या. पाचपर्यंत पोचते." वर म्हणाली, "रंग कुठला आहे हो?" मी म्हटलं, राखाडी. "बरं झालं, मळखाऊ आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते.

म्हणजे माझ्याकडे पावणेदोन तास होते. पावणेदोन तासांनी बायको येणार, टायवाला तिचा नंबर टाकणार, स्क्रीन असाच वळवणार, आणि आठ वर्षांपूर्वी मी काढलेलं, मग थकवलेलं, मग अर्ध्यावर मिटवलेलं कर्ज तिच्या नावाखाली तिला दिसणार. तिच्या नावाखाली! ज्या बाईनं आयुष्यात दुधाचं बिल एक दिवस उशिरा दिलं नाही, तिच्या. मी उठलो आणि पेटीतून बाहेर आलो. टायवाला मागून म्हणाला, "गाडी बघून घ्या की तोपर्यंत," आणि मी हो हो म्हणत गाड्यांच्या रांगेत शिरलो. माझी ती राखाडी गाडी तिसऱ्या रांगेत होती. डिकी मी सकाळीच टेपनं मोजली होती. वीस किलोची सहा वजनं, पितळी वजनांची लाकडी पेटी, हातमोजे, चिमटे, सगळं मावत होतं, वर जेवणाचा डबा ठेवायला जागा. मी वजनकाटे तपासतो. दुकानांतले, कारखान्यांतले, औषधं बनवणाऱ्या कंपन्यांतले. आमची वजनं काट्यावर ठेवायची, काटा खरं बोलतो का बघायचं, बोलत असेल तर शिक्का मारायचा. सत्तावीस वर्षं हेच करतोय. आजवर कंपनीची व्हॅन होती, तिचा ड्रायव्हर होता. मालकांनी दोन महिन्यांपूर्वी व्हॅन विकली आणि सांगितलं, एक तारखेपासून ज्याची स्वतःची गाडी त्याला बाहेरची फेरी, बाकीच्यांनी ऑफिसात बसायचं. बाकीचे म्हणजे मीच. दुसरा आहे तो लंबू, सव्वीस वर्षांचा, सासऱ्यानं गाडी दिलेला. लंबूला पितळी वजनाला उघड्या हातानं शिवू नये एवढंसुद्धा तीनदा सांगावं लागतं. घामाचासुद्धा भार होतो रे बाबा, मी सांगतो, आणि तो हसतो. त्यानं फिरायचं आणि मी टेबलावर बसून त्यानं मारलेल्या शिक्क्यांची यादी करायची, भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, पगार जवळजवळ अर्धा. एक्कावन्नाव्या वर्षी. आज सव्वीस तारीख.

सहाशे त्रेचाळीस. तुम्हाला हा आकडा काहीच वाटणार नाही. मला विचारा. दोन वर्षांपूर्वी तो पाचशे चार होता. तेव्हा मी एका बँकेत जाऊन थोडे पैसे ठेव म्हणून ठेवले आणि त्या ठेवीवर एक कार्ड घेतलं. माझ्यासारख्यांना तसंच मिळतं, स्वतःचेच पैसे तारण ठेवून स्वतःलाच उधारी. त्या कार्डावर दर महिन्याला काहीतरी घ्यायचं, फार नाही, आणि तारखेच्या आत भरायचं. मी साबण घ्यायचो. कधी बल्ब, कधी स्कूटरचं पेट्रोल. घरात साबणाचा एवढा साठा झाला, की बायको म्हणायची, अहो, दुकान काढताय का? आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, नळ सोडून, फोनवर आकडा बघायचो. पाचशे एकोणीस. पाचशे सदतीस. एका महिन्यात तो नऊनं खाली आला तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि कशानं आला तेही कळेना, कारण तिथं विचारायला माणूसच नाही. मुलगी बाहेरून दार वाजवायची, बाबा, माझं कॉलेज आहे, आणि मी आत उभा, नळ वाहतोय. एखाद्या काट्याला रोज थोडं थोडं जुळवत आणावं तसं मी स्वतःला जुळवत आणलं. खरं सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. चोरून वाटायचा, पण वाटायचा.

गाडीला किल्ली लावलेली नव्हती, दार मात्र उघडं होतं. मी आत बसलो. सीटवर प्लास्टिकचं आवरण होतं, ते हललं की चुरचुरायचं, म्हणून मी न हलता बसायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. कुठून सुरुवात झाली म्हणायची? मला वाटतं त्या सहीपासून. ती संध्याकाळ मला इतकी स्पष्ट आठवते, की त्यातली काही भर मीच घातली असावी. मी आणि माझा भागीदार वर्कशॉप काढणार होतो, काटे दुरुस्तीचं. भागीदार बोलायला असा, की उभ्या उभ्या तुमची टोपी तुम्हालाच विकेल. बँकेनं सांगितलं, पत्नीचं नाव सहकर्जदार म्हणून हवं. ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर पाय टाकून पसरली होती, नऊ वर्षांची असेल तेव्हा. बायको तिची नखं काढत होती. मी कागद पुढे केला, म्हटलं, "इथं आणि इथं." तिनं नेलकटर डाव्या हातात घेतलं, "कसलं?" म्हणाली. मी म्हटलं, "वर्कशॉपचं. फॉर्मॅलिटी." आणि मला हात धुवायचे होते, तेलाचे होते, म्हणून मी आत गेलो. परत आलो तर सह्या झालेल्या होत्या आणि ती दुसऱ्या पायावर पोचली होती. बस, एवढंच. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पण आठ वर्षं मी तिथंच अडकलोय. नखं काढणाऱ्या बाईकडून सही घेतली. वाचायला सांगितलं नाही. वाच, असं म्हणायला किती वेळ लागतो? फॉर्मवर तिच्या फोनच्या जागी मी माझाच दुसरा नंबर टाकला होता, ती तेव्हा कामावर फोन घेत नसायची म्हणून, खरंच तेवढ्यासाठीच. पुढे दोन वर्षांनी भागीदार एक दिवस आला नाही, मग दुसऱ्या दिवशी आला नाही, मग त्याच्या घराला कुलूप, आणि हप्ते थकले, आणि वसुलीवाले फोन करायला लागले, तेव्हा तो नंबर फार उपयोगी पडला. एकाच माणसाला दोन फोनांवर धमक्या. टपाल दुपारी यायचं आणि दुपारी ती कामावर असायची, हेही नशीबच म्हणायचं.

आणि मग ते मिटवणं. बँकेचा माणूस स्वतःच म्हणाला, साहेब, शंभरातले बेचाळीस भरा, बाकीचे आम्ही सोडून देतो, प्रकरण बंद. मी तर त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. वर्कशॉपसाठी सोडलेल्या नोकरीवर परत रुजू झालो होतो, भविष्यनिधीतून काढले आणि भरले. पत्र मिळालं, शिक्का होता, आणि शिक्का असलेल्या कागदावर माझा फार विश्वास. आता बघा, आमच्या धंद्यात कुठलाच काटा शंभर टक्के खरा नसतो. थोडा फरक चालतो. किती चालतो याचा तक्ता असतो आणि तक्त्यात बसला की काटा खरा, शिक्का मारा, पुढे चला. माझ्या डोक्यात तो तक्ता नको तिथं उघडला असणार. मी घरी आलो, तिला सुट्टी होती त्या दिवशी, आणि म्हटलं, "फिटलं." शंभरातले अठ्ठावन्न राहिले होते आणि मी म्हटलं, फिटलं. कुठल्याही तक्त्यात बसणार नाही असा फरक. तिनं हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं, आतल्या खोलीत गेली, आणि झोपली. भर दुपारी. कधी न झोपणारी बाई, दोन तास झोपली, तोंड जरासं उघडं ठेवून, मुलगी आली तरी उठली नाही. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला वाटलं, आता काहीही झालं तरी हिला उठवायचं नाही. तडजोडीनं मिटवलेलं कर्ज रेकॉर्डवर तसंच लिहून राहतं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही, तडजोडीचं म्हणून, दोघांच्याही नावावर, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी साबण आणायला सुरुवात केली.

चार वाजून वीस मिनिटांनी मी तिला फोन लावला. म्हणणार होतो, दुकान बंद झालं, येऊ नकोस. उचलला नाही, बसमध्ये असली की तिला ऐकूच येत नाही. परत लावला. मग पेटीत गेलो आणि टायवाल्याला म्हटलं, "असं नाही का करता येणार, की नुसते त्यांचे कागद लावायचे, स्कोअर नाही बघायचा?" त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, मग कागद कशाला लावायचे?" बरोबर आहे, मी म्हटलं. "काही प्रॉब्लेम आहे का मॅडमचा?" त्यानं विचारलं. मॅडमचा! मला त्याच्या टायला धरून हलवावंसं वाटलं. मॅडमचा काय प्रॉब्लेम असणार, मेल्या? बाहेर आलो तर एक विक्रेती बाई दुसऱ्याच गिऱ्हाइकाला माझी राखाडी गाडी दाखवत होती आणि तो टायरला लाथ मारून बघत होता. मी जाऊन जवळ उभा राहिलो. "ही गेलीय," मी म्हटलं. "चेक दिलाय मी." दिलाच होता, दोन वर्षांत साठवलेले सगळे पैसे, आगाऊ रक्कम म्हणून, टायवाल्याच्या टेबलावर क्लिपमध्ये लावून. गिऱ्हाईक गेलं. मी परत आत बसलो, हँडल फिरवून काच खाली केली, वर केली. काय म्हणायचं ते पाठ करायला लागलो. ऐक, तुझ्याकडून सही घेतली तेव्हा मी तुला वाचू दिलं नाही. इथून सुरुवात. मग भागीदार. मग बाकीचं, पटापट. तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या वाक्यावरून परत पहिल्यावर आलो.

ती पाचाच्याही आधी आली. फाटकातून येताना तिनं मला पाहिलं नाही, ती गाड्या बघत येत होती, डावीकडे, उजवीकडे, नातेवाइकांच्या घरी आल्यासारखी. टोपी दिवसभर घालून केस चपटे झालेले, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ. दवाखान्यात ती ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करून भरते. कात्र्या, चिमटे, मोजून एकेका पाकिटात, आणि वर सही. मला पाहून तिनं हात हलवला, येऊन आधी डिकी उघडली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "तुमचे ते धोंडे मावतील ना?" मग दुसऱ्या बाजूनं येऊन बसली. सीट मागे सरकवली, पुढे सरकवली. "छान आहे हो," म्हणाली. "रविवारी मला जरा लांब कुठेतरी घेऊन जा. चला, आत जाऊन सही करून टाकू."

"थांब," मी म्हटलं. "बस जरा."

"का? महाग सांगतोय?"

"तुझ्याकडून सही घेतली होती मी. वर्कशॉपच्या वेळी. आठवतं? तू पोरीची नखं काढत होतीस. तू न वाचता सही केलीस आणि मी करू दिली. मला सांगायला हवं होतं की..."

"कोण म्हणालं न वाचता?"

पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं.

"तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा वाचलं मी. सगळं. एकानं नाही भरलं तर दुसऱ्यानं भरायचं, ते तर दोनदा वाचलं. अहो, दिवसाला साठ पाकिटांवर सही करते मी. आत एक चिमटा कमी निघाला तर माझं नाव येतं. मी न वाचता सही करीन?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? नवरा धंदा काढतोय. म्हटलं, करू या सही." ती हसली. "एवढंसं तोंड करून बसलात, मला वाटलं काय झालं. आठ वर्षं हेच धरून बसलात की काय? आणि ते तर फिटलं ना."

बघा, माणूस किती मूर्ख असतो. आठ वर्षं मी चुकीच्या दाराशी पहारा दिला होता. ज्याचं तिला काहीच नव्हतं त्याच्यासाठी रात्री कुशी बदलल्या, आणि ज्याच्यासाठी बदलायला हव्या होत्या तो एक शब्द, तो मी तिला दिला आणि विसरून गेलो, आणि ती त्याच्यावर दोन तास झोपली. क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं मला. ही अशी हसतेय, इथंच थांबावं, म्हणावं हो, फिटलं. मग मी काचेच्या पेटीकडे पाहिलं. टायवाला मान वर करून आमच्याचकडे बघत होता.

"नाही फिटलं," मी म्हटलं. "शंभरातले बेचाळीस भरले. बाकीचे त्यांनी सोडले. पण रेकॉर्डला तसंच लिहिलंय. तडजोड म्हणून."

"कुणाच्या रेकॉर्डला?"

"दोघांच्या."

ती हलली नाही, पण प्लास्टिक चुरचुरलं, म्हणजे हलली असणार. आता ती बोलेल, ओरडेल, ओरडावं तिनं, मी मनात म्हणत होतो, बाहेर माणसं आहेत तरी चालेल. ती समोर बघत होती. "म्हणजे ते माझं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"शिलाई मशीन." मग ती सांगायला लागली, तीही माझ्याशी नाही, समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटशी. गेल्या वर्षी दवाखान्यात एक कंपनी आली होती, हप्त्यावर शिलाई मशीन देणारी. अकरा जणींनी फॉर्म भरले. आठवड्यानं त्यांचा माणूस यादी घेऊन आला, त्यानं सगळ्यांसमोर नावं वाचली, दहा. हिनं विचारलं, माझं? तो म्हणाला, ताई, तुमचं रेकॉर्ड बघा जरा. सगळ्यांसमोर. "मला वाटलं, फॉर्ममध्ये काहीतरी चुकलं. फॉर्म सीनिअरनं भरून दिला होता माझा." सीनिअर म्हणजे तिच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेली बाई, आमच्या मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला येणारी. "माझा चष्मा घरी राहिला होता त्या दिवशी. म्हटलं, तू भर, मी सही करते. ती एकच सही मी न वाचता केली, अहो. आणि मग मी तिला म्हटलं, तूच काहीतरी खरडून ठेवलंस. बायकांसमोर म्हटलं. जळतेस माझ्यावर, असं म्हटलं. ती नाही गं, नाही गं करत राहिली. मग आम्ही बोललो नाही. वर्षभर समोरासमोर बसून पाकिटं भरली आणि बोललो नाही. गेल्या महिन्यात रिटायर झाली ती. निरोपाला मी गेले नाही. मुद्दाम रजा टाकली."

"मला सांगायचंस."

"काय तोंडानं? माझं रेकॉर्ड खराब आहे म्हणून सांगायचं? तुमचं एवढं कष्टानं फिटलेलं, आणि माझंच काहीतरी निघालं म्हणून?" तिचा आवाज आता चढला होता. "मला लाज वाटत होती हो. तुमच्यासमोर बोलायची लाज वाटत होती मला."

मला खरोखर दार उघडून पळून जावंसं वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटलं, पण तो हात कुठल्या तोंडानं ठेवायचा. ती आधी उतरली. दार जोरात आपटेल असं वाटलं होतं, तिनं हळू लावलं, दुसऱ्याची वस्तू म्हणून. आणि सरळ काचेच्या पेटीकडे निघाली. मी मागे मागे. "अगं, आता कशाला," मी म्हणत होतो, "राहू दे ना, जाऊ या घरी." ती टायवाल्यासमोर बसली, पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढले आणि म्हणाली, "माझा बघा." टायवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्यांच्याकडे काय बघताय? माझा आहे ना? माझा बघा."

त्यानं नंबर टाकला. तिच्या फोनवर आलेला कोड तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि आम्ही तिघं त्या चक्राकडे बघत राहिलो. मग त्यानं, सवयीनं, स्क्रीन तिच्याकडे वळवला. पाचशे सात.

"कमी आहे का हो हे?" तिनं विचारलं.

"थोडं कमी आहे, मॅडम," टायवाला हळूच म्हणाला.

"ह्यांचा किती आहे?"

मी सांगितलं, "सहाशे त्रेचाळीस."

"कर्ज एकच ना? मग तुमचा जास्त कसा?"

मी सांगितलं. ठेव, कार्ड, साबण, पाच तारीख, बाथरूम. एवढ्या चार शब्दांत सांगून झालं, दोन वर्षं. पाचशे चारवरून आणला, मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला ऐकू आलं मी काय म्हणतोय ते. पाचशे चार. तिचा आज जिथं होता तिथंच माझा तेव्हा होता. चोवीस महिने, चोवीस वेळा मी कडी लावून तो आकडा बघितला, आणि एकदाही, देवाशप्पथ एकदाही, माझ्या मनात आलं नाही की असाच एक आकडा बाहेर स्वयंपाकघरात उभा आहे.

"आणि माझा?" तिनं विचारलं.

टायवाला कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत होता. पोरगा वाईट नव्हता, त्याला तिथून उठून जायचं होतं, पण पेटी एवढी लहान की आम्ही दोघं उठल्याशिवाय त्याला बाहेरच पडता आलं नसतं. मी त्याला विचारलं, त्यांनी सोडलेले बाकीचे पैसे आता भरले तर? त्यानं सांगितलं, भरता येतात, बँकेला अर्ज करायचा, भरले की ते पूर्ण फेड म्हणून लिहितात, दोघांच्याही नावावरची तडजोड निघते, महिना-दोन महिने लागतात. किती आहेत बाकी? त्यानं स्क्रीन खाली सरकवून आकडा वाचला. क्लिपमधला माझा चेक त्याच्यापेक्षा थोडासा मोठा होता. फार नाही. त्यानंही ते पाहिलं. "पण मग गाडी..." तो म्हणाला. आणि लगेच म्हणाला, "दुसरी एक कंपनी आहे, ती तुमच्या एकट्याच्या नावावर या स्कोअरलाही देईल, साहेब. व्याज जास्त लागेल, पण होईल. आज केलं तर आज."

म्हणजे गाडी होती. एक तारीख, बाहेरची फेरी, सगळं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, घ्या गाडी, माझं काय मेलं, राहिलं तसं राहील. अशा वेळी ती हेच म्हणते. गेली चोवीस वर्षं हेच म्हणत आलीय आणि मी ते ऐकत आलोय. ती कागद पिशवीत घालत होती, एकेक, कडा जुळवून.

"भरून टाकतो मी," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको." तिनं पिशवीला गाठ मारली. "उपकार नकोत मला. तुम्ही मला फिटलं म्हणाला होतात. ते खरं करा."

मी टायवाल्याकडून चेक परत मागितला. त्यानं क्लिप काढली आणि दिला. बाहेर येऊन मालकांना फोन केला, गाडी होणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि वर म्हणाले, "मग उद्या ती पितळी वजनांची पेटी लंबूकडे देऊन टाका." मी बरं म्हटलं. मी फोन ठेवला तेव्हा ती गाड्यांच्या दोन रांगांमध्ये उभी होती, रस्त्याचा आवाज येत होता म्हणून एक कान हातानं दाबून, दुसऱ्याला फोन लावून. मला वाटलं बोलतेय. जवळ गेलो तर ओठ बंद होते, नुसती घंटा वाजत असणार पलीकडे, सीनिअरच्या घरी. मी थोडा अलीकडेच थांबलो. तिनं फोन कानापासून काढला, त्याच्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला, आणि परत लावला.